लाभ, दोन, तीन

आमच्या बॅचला पुतळा एकच.
रबराचा, कमरेपासून वरचा,
हात नाहीत, तोंड कायम उघडं.
दिगंबर चौगुले त्याला पैलवान म्हणतो.
दिगंबर स्वतः तालमीतला,
पोलिस भरतीत सोळाशे मीटरला
दोनदा थोडक्यात राहिलेला.
हसीना शिकलगार पुतळ्याच्या ओठांवर
स्पिरिटचा बोळा फिरवते, परत फिरवते,
मग डोळे मिटून फुंकते,
ओल्या जळणाच्या चुलीत फुंकावं तसं.

संध्याकाळी सहा ते साडेआठ,
उचगावात, वेल्डिंगच्या शेडला लागून वर्ग.
शिकवायला खोबरे सर, अग्निशमन दलातनं निवृत्त,
डाव्या हाताची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली.
पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं:
सीपीआर.
अख्खा वर्ग हसला.
आमच्या कोल्हापुरात सीपीआर म्हणजे दवाखाना,
दसरा चौकाजवळचा, सरकारी.
आमच्यातले निम्मे तिथंच जन्मलेले.
"तिथं न्हेता न्हवं माणूस?" सर म्हणाले,
"मग न्ह्यायच्या आधी काय करता?"

मी सांगू शकले असते.
मार्केट यार्डात माझा बाप
तीस किलोचा गुळाचा रवा पाठीवर घेऊन
खाली बसला. बसला तो बसलाच.
कुणी कांदा फोडून नाकाशी धरला,
कुणी तळवे चोळले,
कुणी पाणी पाजलं, ते ओठाच्या कडेनं गळलं.
टेम्पोत घालेस्तोवर दहा जण ओरडत होते
सीपीआर! सीपीआरला घ्या! सीपीआर!
आणि तो तिथंच, त्यांच्या पायांशी,
दोन हातांच्या अंतरावर होता.
त्यांचा दोष नाही.
हमालाला पाठ ठाऊक असते,
छातीचं कोण सांगणार?

"कोरवी, तुझा नंबर."

तळहाताची टाच छातीच्या मधोमध.
दुसरा हात वरनं, बोटं गुंतवून.
कोपर ताठ. जोर खांद्यातनं.
दोन इंच खाली, आणि सोड.
"पुरतं सोड," सर ओरडले,
"सोडल्याशिवाय रक्त भरत न्हाई आत."
"चीतपट करू नको पैलवानाला," दिगंबर.
"मोज. मोठ्यानं मोज."

माझ्या तोंडातनं आलं: लाभ.

लाभ, दोन, तीन, चार.
रवे मोजताना बाप कधी एक म्हणाला नाही.
पहिला नग लाभाचा,
मग पुढचे सगळे नुसते आकडे.
"एकपासनं मोज," सर म्हणाले.
मी थांबले नाही, थांबायचं नसतं,
थांबलं की सगळं वाया,
हे त्यांनीच शिकवलेलं.
अठराला मनगटं थरथरली.
पुतळ्याच्या पोटात कट् कट् वाजत होतं,
बरोबर दाबलं की वाजतं ते.
तीस. हसीना वाकली, दोनदा फुंकली,
आणि रबराची छाती वर आली.
वर आली आणि मला एकदम
बाहेर जाऊन नळावर तोंड धुवावंसं वाटलं.
परत लाभ.

नंतर दिगंबर गुडघ्यावर बसला,
हात जुळवले, माझ्याकडं बघितलं नाही,
म्हणाला, लाभ, दोन, तीन.
सरांनी काही दुरुस्त केलं नाही.
त्यांची चिकटलेली बोटं टेबलावर ताल धरून होती,
मैदानातल्या हलगीपेक्षा जरा सावकाश.

साडेआठला पैलवानाला पुसून
पोत्यात घालून कपाटात ठेवलं.
भरतीची तारीख लागलेली नाही.
एकशे आठच्या गाडीवर जागा किती, कुणाला माहीत.
केएमटीत समोर एक म्हातारा झोपलेला,
मान खिडकीला, मांडीवर कोथिंबिरीची पिशवी.
शर्टाचं तिसरं बटण तुटून
तिथं सेफ्टी पिन लावलेली.
जरा डावीकडं होती. टाच मधोमध हवी.
पिन वर जात होती, खाली येत होती.
कावळा नाक्यापर्यंत
मी तेवढंच बघत आले.