फासा काहून टाकू?

बंद भातगिरणीत, कोंड्याच्या वासात,
बॅटरीचा दिवा सुतळीने उलटा टांगून
आम्ही चौघं जग वाचवतो. शनिवारी.
खेळ मी चालवतो, कारण पुस्तक माझं
आणि वीस तोंडांचा फासाही माझाच, नागपूरहून आणलेला.

वहीत मी दोन रकाने पाडले होते.
एकीकडे, येरवी जमतं ते:
चूल पेटवणं, झाडावर चढणं, पळती शेळी धरणं,
खोटं बोलणं (थोडंसं).
त्याला फासा नाही. म्हटलं की झालं.
दुसरीकडे, शिकून येतं ते: तलवार, मंत्र,
कुलूप उघडणं, विष ओळखणं,
पोहणं.

त्रिवेणी मारबतेची शिकारीण
काळ्या नदीच्या काठाशी आली,
म्हणाली, उतरली मी पाण्यात.
मी म्हटलं, फासा टाक.
"काहून? मघा चालत आली तवा
इचारलं का फाशाले?"

लोमेश म्हणाला, पोहण्याच्या तीन पायऱ्या आहेत पुस्तकात.
लोमेश पुसदकडचा. त्याच्या गावी पाणी टँकरने यायचं.
"पुस्तक कोनं लिवलं? तुह्या गावच्यानं?"
तो हसला. मग जरा वेळानं, स्वतःशीच:
"पन कुलूप शिकून येते, हे कसं?
माहा बाप तारेनं उघडते, बोलता बोलता."
निहालला विषाचं नवल नव्हतं.
कोणत्या सात्या खायच्या, कोणत्या नाही,
त्याची सहा वर्षांची बहीणही सांगते.

मी खोडरबर घेतलं.
मधली रेघ आधी वाकडी झाली,
मग नुसती राखाडी.

एक सांगितलं नाही मी.
पोहणं शिकलो नागपुरात, निळ्या फरशीच्या टाक्यात,
चार महिने, पैसे भरून. शिक्क्याचं प्रमाणपत्र आहे.
गावच्या बोडीत अजून गुडघ्यापुढे जात नाही.

बरं, मी म्हटलं, ओलांडलीस नदी. फासा नको.

तर तीच थांबली.
"पूर हाये का?"
मी पान उलटलं. होता.
रात्रही होती, आणि तिच्या पाठीवर
सरदाराचं तापलेलं पोर.

गेल्या वर्षी डोंगा उलटला तेव्हा
तिचा काका काठापासून वीस हातांवर होता.
रोजचा पोहणारा माणूस.
हे कोणी बोललं नाही.

तिनं हात पुढे केला.
"मंग दे. मंग थे रोजचं नाई."

मुठीत इतका वेळ धरला तिनं फासा
की दिव्यावरचे किडे मोजून झाले.
टाकला. पोत्यावरून उडाला,
कोंड्याच्या ढिगात गेला.

आम्ही चौघं कोपरापर्यंत हात घालून बसलोय.
निहाल म्हणतो, सापडला की हलवू नका,
वरचं तोंड पाहा.
कोंड्यात वरचं कुठलं.

शिकारीण अजून नदीच्या मध्यावर आहे.