आज किती

अंगावरनं वारं गेलं, म्हणत्यात.
गेलं कुठं? आत येऊन बसलंय.
दारं-खिडक्या लावल्या तरी
आतल्या आत फिरत ऱ्हातंय.

चौदा म्हयनं झालं.
उजवा हात आता कपाळापत्तोर जातोय.
बेळगावच्या डॉक्टरनं तो दाबून, वाकवून बघितला,
म्हणाला, पाचातलं चार. चांगलं हाय, आज्जी.
पाचातलं चार हाताला.
मला किती, ते इचारलं न्हाई.

परत येताना तवंदीच्या घाटात
सुनेनं बसची काच सरकवली.
बघा आत्ती, किती हिरवंगार झालंय.
मी बघितलो.
हिरवं हुतं.
तेवढंच. हिरवं हुतं.

एकतीस वर्षं बोटांस्नी डोळं हुतं माझ्या.
पान भिजवायचं, कातरायचं, चिमूटभर जर्दा,
वळायचं, दोरा गुंडाळायचा, नखानं तोंड मिटायचं,
दिवसाला हजार. सण असला तर आठशे.
आता पिवळा स्पंजचा चेंडू दाबतो.
दाबला की दबतोय, सोडला की फुगतोय.
त्याचं बरं हाय.

आधी रडायचो, तवा घर धास्तावलं हुतं.
आता रडत न्हाई, तर म्हणत्यात सुधारली.
गल्लीतनं जाता जाता शिवलिंगव्वा हाक मारती,
"आराम अदीरेन्री?"
हूं म्हणतो.
दोन्ही भाषांत तेवढं पुरतंय.

रातीला भिंतीकडं तोंड करून
चुन्याचं पोपडं मोजतो.
मरावं असं न्हाई. उठावं असं पण न्हाई.
मधलंच काय तरी, त्याला नाव न्हाई,
वजन हाय.

गुरुवारी मेहरूनबी आली, सूप घेऊन.
निपाणीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं
माझ्या डाव्या अंगाला बसायची.
तंबाखूची धूळ नाकात गेली
आन् लई दिवसांनी शिंकलो.
तिनं हात बघितला न्हाई,
सुधारलीस म्हणाली न्हाई,
वळत बसली.
ऊन उंबऱ्यावरनं उतरलं तवा, दोरा तोडत,
रोज सांजच्याला इचारायची तसं इचारलं,
"आज किती?"

मी लई येळ गप.
मग म्हणालो, "नऊशे."

तिनं वर बघितलं.
"लई झालं की गं एकटीला."
आन् सूप जरा सरकवून
माझ्या मांडीला टेकवलं.

काल परत आली.
काल साडेनऊशे हुतं.
तेबी सांगितलो.