पहिले पंधराशे किलोमीटर

श्रीलता, बस. आधी चहा घे.
गाडी तिथनं काढ, लिंबाखाली नको,
वरून चिकटा गळतो, आणि कावळे.
अर्धा अक्कलकोट रोड बघूलालाय तिच्याकडं,
पंक्चरवाला मौला हातातली ट्यूब विसरलाय.

तू म्हणालीस, नदाफचाचा, काहीतरी सांगा.
काय सांगू? चाळीस वर्षं टेम्पो उघडले मी.
तुझं बॉनेट उघडलं तर इंजिनच दिसेना,
नुसतं काळं झाकण, त्यावर कुणाची तरी सही.
पण लोखंड ते लोखंड.
आत कुठंतरी पिस्टन आहेच, त्याचं अंग अजून कोवळं आहे.

सकाळी चालू केलीस की लगेच दाबू नकोस.
तेल वर चढू दे.
शोरूमवाला म्हणतो गरज नाही.
त्याला पुढची विकायचीय.
पहिले पंधराशे किलोमीटर घाई नको,
आणि एकाच चालीनं पुण्यापर्यंतही नेऊ नकोस.
कधी हळू, कधी जरा मोकळी.
नवा माग बसवल्यावर तुमच्याकडं
पहिल्याच दिवशी डबल पाळी लावत होते का कुणी?

काट्यावर तीनशे छापलंय.
असू दे.
कॅलेंडरातही ग्रहणं छापलेली असतात,
सगळी काही सोलापुरातनं दिसत नाहीत.

टायरची हवा पहाटे बघ, गार असताना.
मे महिन्यात दुपारी काटा वर गेला म्हणून
घाबरून सोडशील, आणि रात्री टायर बसलेलं.

कारखान्याच्या आत लावू नकोस.
टॉवेलचा रुवा उडतो, डोळ्याला दिसत नाही.
एका डॉक्टरच्या गाडीच्या फिल्टरमधनं
मी उशी भरेल एवढा कापूस काढला होता.
आजा माझा पिंजारी, दारोदार गाद्या भरायचा.
धंदा सुटला म्हणतो आम्ही,
कापूस काही सोडत नाही.

धुवायला पाइप लावू नकोस.
पाणी पाचव्या दिवशी येतं, गल्ली बघत असते.
ओल्या फडक्यानं पूस. तुमचेच आहेत की,
निर्यातीतनं नापास होऊन आलेले.
आधी झटक मात्र. वाळूचा एक कण
आणि दरवाजावर जन्माची रेघ.

गतिरोधक तिरका घे, एक चाक, मग दुसरं.
सात रस्त्याला सिग्नलवर पोरं शेजारी येऊन रेस देतील,
तू काच वर घे.
कुणी विचारेल, गाडी कुणाची?
म्हणजे नवऱ्याची का बापाची.
सांग, बँकेची.

नरसय्याअण्णांना बसवलंस?
कशाला, त्यांना ऐकूच येत नाही, म्हणतेस.
खरं आहे. पत्र्याच्या शेडमध्ये तीस माग,
कान तिथंच ठेवून आले ते.
एवढ्या घोड्यांचा आवाज, ज्याचेच निम्मे पैसे मोजलेस तू,
त्यांना मुक्याच्या घरचा पाहुणा.
तरी बसव.
हायवेला नको. शेडमागं, सावलीत, नुसती चालू ठेव
आणि त्यांचा तळवा घेऊन डॅशबोर्डवर टेकव.
मी बघितलंय त्यांना, डोळे मिटून मागावर हात ठेवताना.
सोळा नंबर, म्हणायचे, डावं बेअरिंग, चार दिवस.
चौथ्या दिवशी जायचं.
काय बोलतील ते लिहून घे,
सर्व्हिसवाल्याच्या कॉम्प्युटरच्या आधी.
बोलले नाहीत, हात तिथंच राहिला,
तर तू पण बोलू नकोस.
पेट्रोल जाऊ दे थोडं.

आणि हां, डिकी उघडून बघितलीस?
स्टेपनी देत नाहीत ह्यात.
एवढ्या किमतीत पाचवं चाक नाही!
एक बाटली देतात, फेस मारायची.
मोहोळच्या पुढं रात्री एक वाजता
त्या फेसाचं काय करशील?
माझा नंबर कागदावर लिही. कागदावर.
फोन झोपतो.

चहाचे राहू दे.
सावकाश घे मागं,
गटार उघडं आहे.