अकराशे बावन्न शब्द

गिरणीच्या हिशेब खात्यात, पगारपत्रकांच्या मागं,
गोदरेजच्या कपाटाएवढं मशीन होतं.
त्याची आठवण सोळा हजार शब्दांची.
शब्द म्हणजे बोलायचे नव्हेत,
सोळा खाचांचे कप्पे.
हजेरी आणि पगार त्यातले चौदा हजार खायचे.
उरलेल्यात राजमणी कोंड्यालला
मोर बसवायचा होता.

मी इरण्णा, रात्रपाळीचा ऑपरेटर.
फीत चढवायची, पंखे पुसायचे,
आणि मे महिन्यात खिडकीच्या पोत्यावर पाणी मारायचं.
गारव्यात बसायची परवानगी मशीनला होती,
आम्ही त्याच्या निमित्तानं.

पडदा हिरवा. एकदा ओढलेली रेघ
काचेत रुतून तशीच राहायची.
एकच रेघ पुसता येत नव्हती.
पुसायचं तर सगळंच,
आणि तेव्हा खोलीभर हिरवी वीज चमकायची,
भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा क्षणभर हिरवं.

तिनं वर्तुळ लिहिलं, मग काढून टाकलं.
"बत्तीस तुकडे जोडले की गोलच दिसतंय की."
दशांश चिन्हाला शिवलीच नाही.
भागाकार नाही. नुसती बेरीज,
आणि एक उधारीची वही:
रेघ तिरकी चालली की चूक थोडी थोडी साठते,
पुरेशी साठली
की रेघ एक पायरी चढते.

एक बिंदू पाठवायला चार अक्षरं.
पण मागच्यासारखंच असेल ते परत सांगायचं नाही,
बदललं तेवढंच.
त्यांच्या घरी बोलणंही तसलंच.
बाप-लेकीचं जेवण मी पाहिलंय, साखर पेठेत:
"मीठ." "हं."
बाप नरसप्पा, जकार्डचे पुठ्ठे ठोकणारा.
ती कप्पे मोजायची तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू,
शिवी मराठीत,
आणि माझ्याकडं चहा मागायची मोडक्या कन्नडात.

शेवटी बसलं. अकराशे बावन्न शब्द.
मालकांचे जावई आले, डिझाइन खात्यातले तिघे,
आणि न बोलावता नरसप्पा.
मोर उतरायला दोन मिनिटं लागत.
आधी पाय. वीज गेली
तर निदान पाय तरी दिसावेत म्हणून.
मग मान, तुरा, पिसाऱ्याचा एकेक डोळा.
जावयांनी घड्याळ पाहिलं.
टाळ्या पडणार, एवढ्यात नरसप्पा म्हणाला,
"डावीकडनं सातवं पीस. दोन घरं वर गेलंय बघ."
कुणालाच दिसेना.
तिला दिसलं.
सगळ्यांदेखत तिनं पुसायची कळ दाबली.
खोली हिरवी झाली, जावयांचा पांढरा सफारीही.

दुसरा मोर पुरा होईस्तोवर
ते गाडीत बसले होते.

नमुन्याची एकच चादर निघाली,
नरसप्पाच्याच मागावर, बिनपगारी.
पुढं गिरणीला कुलूप. मशीन किलोवर गेलं.
तांब्यासाठी तारा सोलताना भंगारवाला म्हणाला,
"काय करायचं हो हे?"
"पगार," म्हणालो.
मोराचं सांगितलं नाही.

राजमणी हैदराबादला गेली. दोन पत्रं आली, तिसरं नाही.
फीत माझ्याकडं आहे, कागदी, दोन बोटं रुंद,
शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यात.
लसणाचा वास धरलाय तिनं.
वाचणारं यंत्र आता कुठं मिळायचं?
परवा लाईट गेली तेव्हा उन्हात धरून बघितली,
फरशीवर नुसते ठिपके.
नातू म्हणाला, कुठाय मोर?
त्यात मोर नाही रे,
रेघ कशी चालायची तेवढंच आहे.

चादर मी पांघरतो.
डावीकडनं सातवं पीस दोन घरं वर आहे.
पुठ्ठे ठोकताना म्हातारा चुकला,
की पहिलाच मोर त्याला पसंत होता,
विचारायचं राहून गेलं.
झोप येईना की बोट आपोआप तिथं जातं,
मोजत,
ओकटी, रेंडू.