उदो

बापूंची कवळी अजून डॉक्टरकडेच,
म्हणून सकाळपासून शिजवतेय
इसेहून आणलेले गव्हाचे जाड दोर.
तासभर उकळ, तिथली बाई म्हणाली होती,
घड्याळ बघू नकोस.
"उदोन," मी सांगते.
"उदो? कुणाचा उदो?" गॅलरीतून बापू.

कामाला गेले होते, पंपांच्या कारखान्यात.
रविवारी कुणीतरी म्हणालं, देऊळ बघून या.
लाकडी पूल ओलांडला, नदीत हात धुतले,
पायऱ्या चढले, तर समोर पांढरा पडदा.
बस्स.
दोनदा वाकले, दोन टाळ्या, परत एकदा वाकले,
आणि मागायचं काय ते ऐन वेळी विसरले.

शेजारी तेवढाच मोकळा प्लॉट, गोटे पसरलेला.
दर वीस वर्षांनी देव तिथे राहायला जातो
आणि जुनं घर उतरवतात.
मला हसूच फुटलं.
रीडेव्हलपमेंट देवालाही चुकली नाही,
फक्त ट्रान्झिटच्या भाड्याची भानगड नाही.

मग कोपऱ्यावरच्या दुकानात तो वाडगा:
तळाला शाईसारखा रस, वर कांद्याची पात,
आणि शेवया इतक्या मऊ
की मनात आलं, गिच्च झालंय, परत करावं.
"लांबून चालत येणाऱ्यांसाठी असतं हे," बाई म्हणाली,
"दमलेल्या पोटाला."

इथे पाचपाखाडीत मिठाच्या बरणीखाली
संमतीचा कागद आहे, मार्चपासून.
बेचाळीस बिऱ्हाडांत एक सही राहिलीय.
सेक्रेटरी ढमढेरे जिन्यात भेटले
की माझ्याशीच बोलतात, चपलांकडे बघत.

बापूंनी वाडगा नाकाशी नेला.
"सोडे घातलेस?"
"नाही, तिकडचा एक वाळवलेला मासा."
"मग सोडेच की."
चमच्याने तोडत, हिरड्यांनी दाबत,
मिशीला काळा रस लागलेला,
निम्मा वाडगा न बोलता संपला.

"जुन्या लाकडाचं काय करतात रे ते?"
मला अजून 'रे' म्हणतात, घाईत असले की.
"दुसऱ्या देवळांना देतात. कुठे खांब होतो,
कुठे पुलाशी कमान."

ते स्वयंपाकघराच्या चौकटीकडे बघत राहिले.
तिथे तेलाचा एक डाग आहे,
बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.
रंगाऱ्याला तो कधीच झाकता आला नाही.

"साग आहे तो," म्हणाले. "बिल्डरला सांग,
फोडायचा नाही. खिळे एकेक काढायचे."

कागदाला हात लावला नाही.
वाडगा तेवढा माझ्याकडे सरकवला.
"उदो उरलाय का थोडा?"