वरचा डावा दात

लेन स्क्रिव्हन गेला. ग्रिम्सबीत, गोदीजवळच्या पबच्या माडीवर
आम्ही एकोणीस माणसं
आणि चाळिसांना पुरतील इतकी सँडविचेस.

डोरीन म्हणाली, सत्तावन साली क्लीथॉर्प्सच्या धक्क्यावर
माझ्याकडे बघत त्यानं एक सूर असा लांबवला
की हातातलं आइस्क्रीम कोपरापर्यंत ओघळलं.
नवरा शेजारीच होता तिचा.
म्हणाला, तुझ्याकडे कसला, मागच्या घड्याळाकडे बघत होता तो.

ट्रॉम्बोनवाला सिरिल उठला.
माझे अकरा पौंड अजून यायचेत.
वर भर स्टेजवर मला म्हणाला होता,
तू रेल्वेच्या फाटकावर नोकरी बघ.
मग खाली बसता बसता:
आई वारली तेव्हा मात्र सगळा बँड घेऊन आला,
बर्फातून, न बोलावता.
कबरीपाशी तासभर वाजवलं.
अकरा पौंड तेव्हाही नाही दिले.

कुणी म्हणालं, सत्तरनंतर संपलाच होता तो.
संपले तुझे कान, असं दुसरं कुणी.
आणि शेवटी शेवटी, डोरीन म्हणाली,
हिल्डा गेल्यावर,
सूर कसा थरथरायचा त्याचा. दुःखच ते.
सगळ्यांनी माना हलवल्या. सिरिलनंसुद्धा.

डॉक्टर, तुम्ही?

मी काय सांगणार.
मूळचा मिरजेचा, सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतला,
धंद्यानं दातांचा डॉक्टर.
जाझमधलं मला ओ की ठो कळत नाही.

मंगळवारी, सगळ्यांत शेवटी यायचा.
खुर्चीत आडवा झाला की एवढा दांडगा माणूस
पोरासारखी माझी बाही धरून ठेवायचा.
ओठावर मधोमध एक घट्टा,
चाळीस वर्षं पितळ टेकून पडलेला.
आमच्या गल्लीत बोटांवर असायचा,
म्हणून ओळखला.
वरचा पुढचा डावा दात हलत होता.
काढू नका, म्हणाला. तो गेला की मी गेलो.

मग बारीक तारेनं
शेजारच्या दाताला बांधून टाकला.
दर महिन्याला तार आवळायची,
आणि हवा कुठे निसटते का बघायला
तो तिथेच, बंद दवाखान्यात, दिव्याखाली
एक सूर काढायचा. एकच.
बरोबर आहे का, विचारायचा. मला!
मी म्हणायचो, थोडा हलतोय.
असू दे, म्हणायचा.

चांगला पेशंट होता, एवढंच बोललो मी,
आणि काकडीचं सँडविच उचललं.

दुःख नव्हतं असं कुठे म्हणतोय मी?
पण तार मी बांधली होती.