कानस

वाचनकक्षात शाई चालत नाही.
पेन दारातच काढून घेतात आणि हातात देतात
आखूड शिसपेन्सिल, आधीच कुणीतरी चावलेली.

मी मॅचिन शोधतेय, एकल्सफील्डचे,
शेफिल्डच्या उत्तरेला चार मैलांवरचे.
माझ्या भावाला, क्लाइव्हला, आशा आहे एखाद्या सरदाराची,
गेला बाजार जहाजावरच्या कप्तानाची.
निघतात ते सगळे कानसवाले.
एनॉक मॅचिन, कानस कापणारा.
त्याचे दोन भाऊ, तेच.
पोरगा, वय नऊ. इथवर येता येता
शिरगणतीचा कारकून कंटाळलेला:
शब्दाच्या जागी नुसत्या दोन टिकल्या.

आणि थर्झा. बायको.
एकावन्न साली वय एकोणतीस, एकसष्ट साली छत्तीस,
दहा वर्षांत सातच वर्षांनी वाढलेली.
व्यवसायाचा रकाना कोरा.
कारकुनाने दारात विचारलं असेल, आणि एनॉक म्हणाला असेल,
ती? ती काही नाही करत, घरीच असते.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याची दाखल-वही मागवली.
जाड पानं, एकमेकांना चिकटलेली.
मी बोट जिभेला लावलं
तर समोरचा माणूस खाकरला.

थर्झा मॅचिन. विवाहित. कानस कापणारी,
तेवीस वर्षे.
पोटात कळा. दोन्ही मनगटं लुळी.
हिरडीवर निळी रेघ.

डॉक्टरला विचारावंच लागलं असणार.

कानशीचा एकेक दात हाताने पाडायचे तेव्हा,
छिन्नी, हातोडा, छिन्नी, हातोडा,
एका पात्याला हजारभर.
एक बाजू झाली की पातं उलटं,
आणि नवे दात बोथट होऊ नयेत म्हणून
खाली शिशाची लादी. शिसं मऊ.
शिसं सोसून घेतं.
छिन्नी घसरू नये म्हणून बोट जिभेला लावायचं,
मग छिन्नीला,
मग पुन्हा जिभेला.
भाकरीही तिथेच, त्याच बोटांनी.

संध्याकाळी क्लाइव्हचा फोन.
सापडलं कुणी?
एक बाई सापडली, म्हटलं.
कोण होती?
सांगायला बसले तर मनगटापर्यंतच पोचले,
त्याच्याकडे पाहुणे आले होते.

शेवटचा शेरा त्याला वाचून दाखवायचा राहिला.
सहा आठवड्यांनंतरचा, दुसऱ्याच अक्षरात:
थोडा आराम. घरी सोडले.

घरी.
परसातल्या त्या खोलीत,
खिडकीखाली जिथे उजेड बरा पडायचा.

निघताना पेन्सिल परत मागितली, मी दिली.
तिच्यात शिसं नसतं, ठाऊक आहे मला.
तरी बसमध्ये बसेपर्यंत
अंगठा तोंडापासून लांब धरला होता.